अडीच किलो, शून्य किलो, साडेसात किलो: इम्रे फ्योल्दीची पाच ऑलिंपिकं

बारबेल_५६

वेटलिफ्टिंगवर लिहिताना आपण नेहमी हेवीवेटवाल्यांकडे वळतो. हा धागा ५६ किलो गटातल्या एका माणसासाठी काढतोय. पाच ऑलिंपिक, एकच वजनगट, १६ वर्षं.

इम्रे फ्योल्दी, हंगेरी. जन्म ८ मे १९३८, केचकेमेट. नाव झालं ते तताबान्याकडून खेळून. तताबान्या हे कोळशाच्या खाणींचं गाव आणि क्लबचं नाव तताबान्याई बान्यास. 'बान्यास' म्हणजे खाणकामगार. एप्रिल २०१७ मध्ये तो गेला.

स्नॅच म्हणजे बार (वजनाची दांडी) जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क, थोडक्यात जर्क, म्हणजे बार आधी छातीवर आणि मग पायांच्या झटक्याने डोक्यावर. आकडे किलोत. क्रम प्रेस, स्नॅच, क्लीन अँड जर्क, एकूण:

१९६० रोम: सहावा
१९६४ टोकियो: ११५ + १०२.५ + १३७.५ = ३५५, रौप्य
१९६८ मेक्सिको सिटी: १२२.५ + १०५ + १४० = ३६७.५, रौप्य
१९७२ म्युनिक: १२७.५ + १०७.५ + १४२.५ = ३७७.५, सुवर्ण आणि विश्वविक्रम
१९७६ माँट्रियल: (प्रेस रद्द) १०५ + १४० = २४५, पाचवा

मधे १९६५ साली तेहरानला जागतिक विजेतेपद. पाच ऑलिंपिक खेळणारा तो पहिला वेटलिफ्टर.

टोकियोत तो अडीच किलोंनी हरला. मेक्सिकोत शून्य किलोंनी हरला, म्हणजे बेरीज समान असूनही. म्युनिकला साडेसात किलोंनी जिंकला. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. 'जिद्दीने जिंकला' एवढ्यावर भागवू नका. आकड्यांत काय बदललं ते शोधूया.

मुक्ता_र

छान विषय. एक प्राथमिक प्रश्न: प्रेस म्हणजे नेमकं काय? आता स्पर्धेत स्नॅच आणि क्लीन अँड जर्क दोनच दिसतात. आणि आडनाव कुठलं, इम्रे की फ्योल्दी?

बारबेल_५६

आडनाव फ्योल्दी. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. तिकडच्या जुन्या निकालांत 'फ्योल्दी इम्रे' असंच सापडेल. प्रेसचं तालीमवाला सांगतील.

तालीमवाला

सांगतो. १९७२ पर्यंत ऑलिंपिकमध्ये तीन प्रकार होते आणि प्रेस पहिला. दिवसाची सुरुवातच त्याने.

नियमाप्रमाणे क्रम असा. बार जमिनीवरून एका दमात छातीवर घ्यायचा, म्हणजे क्लीन. मग सरळ, स्थिर उभं राहायचं. मुख्य पंचाची खूण झाल्यावरच बार वर ढकलायला सुरुवात. गुडघे वाकवायचे नाहीत, पाऊल हलवायचं नाही, बार मधे थांबता कामा नये, धड मागे जास्त झुकता कामा नये. कोपरं सरळ करून वर धरायचा आणि पंचाने सांगितल्यावर खाली. जर्कमध्ये पायांचा झटका मिळतो, इथे तो नाही. कागदावर ही निव्वळ खांदे आणि दंडांची परीक्षा.

प्रत्यक्षात ६०च्या दशकात ती तशी राहिली नाही. लिफ्टर बार छातीवर घेऊन नितंब घट्ट आवळायचे आणि कंबर पुढे काढून धड धनुष्यासारखं ताणायचे. खूण झाली की ते धनुष्य झटक्यात सुटायचं आणि बार कपाळापर्यंत जवळजवळ फुकट जायचा. तिथे बार अडायचा, कारण खांद्याचा सगळ्यात दुबळा कोन तोच. मग धड पुन्हा मागे टाकायचं. तसं केलं की छातीचे स्नायू कामाला लागतात. बाकावर तिरकं पडून वजन ढकलतो, तेच उभ्याने.

'जास्त झुकणं' म्हणजे किती, हे कुठल्याही पट्टीने मोजता येत नव्हतं. तीन पंच, त्यांतल्या दोघांचा पांढरा दिवा मिळाला की प्रयत्न मान्य. त्यामुळे एका स्पर्धेत चाललेला प्रेस दुसरीकडे बाद व्हायचा. म्युनिकनंतर प्रेस कायमचा काढला त्यात हे मोठं कारण. दुसरं कारण कंबर.

आकडेमोड

बारबेल, तुमच्या यादीतच अर्धं उत्तर आहे. टोकियो ते म्युनिक, आठ वर्षांची वाढ मांडली तर:

प्रेस ११५ वरून १२७.५, म्हणजे +१२.५
स्नॅच १०२.५ वरून १०७.५, म्हणजे +५
जर्क १३७.५ वरून १४२.५, म्हणजे +५
एकूण +२२.५

स्नॅच आणि जर्क दर ऑलिंपिकला बरोब्बर अडीच-अडीच किलोंनी चढलेत. २६, ३० आणि ३४ या वयांना. शरीराचं वजन मात्र तेच, कारण गटाची मर्यादा ५६. स्नायू वाढवून ताकद वाढवायची सोयच नाही. अशा माणसाच्या हातात तंत्र सुधारणं, ताकदीचा नेमका वापर करणं आणि दुखापत टाळणं एवढंच उरतं.

अजून एक मोजमाप. प्रेस हा जर्कच्या किती टक्के? टोकियोत ८३.६, मेक्सिकोत ८७.५, म्युनिकला ८९.५. क्लीन करून पायांच्या झटक्याने जे वर जातं त्याच्या जवळजवळ नऊ दशांश वजन तो पाय न वापरता वर नेत होता. १२७.५ म्हणजे गटमर्यादेच्या २.२८ पट.

कृष्णाकाठ

मग सरळ आहे, प्रेस वाढला म्हणून सुवर्ण मिळालं.

आकडेमोड

थांबा, तसं नाही. मलाही आधी तेच वाटलं होतं, म्हणून प्रेस वगळून बेरजा केल्या. फक्त स्नॅच अधिक जर्क, तिन्ही वेळच्या पदकविजेत्यांच्या:

टोकियो: वाखोनिन (सोव्हिएत संघ) २४७.५, इचिनोसेकी (जपान) २४७.५, फ्योल्दी २४०
मेक्सिको: नसीरी (इराण) २५५, फ्योल्दी २४५, त्रेंबित्स्की (पोलंड) २४२.५
म्युनिक: फ्योल्दी २५०, चेतिन (सोव्हिएत संघ) २४७.५, नसीरी २४२.५

टोकियोत प्रेस नसता तर तो या तिघांत शेवटचा. मेक्सिकोत दुसरा, पण नसीरीच्या दहा किलो मागे. म्युनिकला मात्र प्रेस काढून टाकला तरी तिघांत पहिला. टोकियोचं रौप्य त्याच्या प्रेसने दिलं, सुवर्ण उरलेल्या दोन प्रकारांनी दिलं. म्हणून 'प्रेसवाला' हे त्याचं वर्णन मला अपुरं वाटतं.

मुक्ता_र

हे भारी आहे. पण टोकियोत प्रेसमध्ये आघाडी होती तर ती गेली कशी?

बारबेल_५६

टोकियो पायरी पायरीने घ्या.

प्रेस: फ्योल्दी ११५, वाखोनिन ११०. फ्योल्दी पाच पुढे.
स्नॅच: फ्योल्दी १०२.५, वाखोनिन १०५. आघाडी अडीचवर आली. २१७.५ विरुद्ध २१५.
जर्क: फ्योल्दी १३७.५, बेरीज ३५५.

आता वाखोनिनचं गणित. १४० उचलले तर ३५५, म्हणजे बरोबरी. १४२.५ उचलले तर ३५७.५ आणि निर्विवाद पहिला. त्याने १४२.५ उचलले आणि तो एकूण वजनाचा विश्वविक्रम ठरला. इचिनोसेकीला ३४७.५ वर कांस्य.

यात स्पर्धेचा एक नियम फार महत्त्वाचा आहे, तो बाहेरून बघताना लक्षात येत नाही. बारवरचं वजन चढतच जातं, उतरत नाही. ज्याने कमी वजन मागितलं तो आधी येतो. म्हणून ज्याचा जर्क जड, त्याचे शेवटचे प्रयत्न सहसा सगळ्यांच्या नंतर येतात. समोरच्याची बेरीज फळ्यावर लागलेली असते आणि आपल्याला नेमकं किती हवं ते ठाऊक असतं. प्रेसमध्ये कमावलेली आघाडी हे उघडं पान. जर्कवाल्याचं पान शेवटपर्यंत हातात.

कृष्णाकाठ

म्हणजे शेवटचा शब्द जर्कवाल्याचा.

बारबेल_५६

अगदी. मेक्सिकोतही तेच, फक्त जास्त तीव्र. पहिल्या दोन प्रकारांनंतर फ्योल्दी २२७.५, त्रेंबित्स्की २२२.५, नसीरी २१७.५. नसीरी दहा किलो मागे आणि या तिघांत तिसरा. जर्कमध्ये फ्योल्दी १४०. नसीरीने १५० उचलले, जर्कचा विश्वविक्रम. दोघांची बेरीज ३६७.५. शरीराचं वजन नसीरीचं कमी भरलं होतं, त्यामुळे सुवर्ण त्याला.

फ्योल्दीच्या नावावर अडीच किलो जास्त असते, तीन प्रकारांपैकी कुठेही, तरी नसीरीला १५२.५ लागले असते. आणि १५० हाच तेव्हा विक्रम होता.

दवबिंदू

दोघांनी सारखंच वजन उचललं तर दोघांना सुवर्ण द्यायला काय हरकत होती? वजनकाट्यावरच्या काही ग्रॅमवर ऑलिंपिक विजेता ठरवणं मला पटत नाही.

तालीमवाला

नियमामागचा विचार समजून घ्या. वजनगट असतातच मुळी यासाठी की हलक्याने जड माणसाइतकं उचललं तर ते मोठं काम मानायचं. तोच विचार गटाच्या आत शेवटपर्यंत नेला की बरोबरीत हलका माणूस वर येतो. तर्क चुकीचा नाही.

पण दवबिंदूंचा आक्षेपही खरा आहे. या नियमामुळे दुसरीच स्पर्धा सुरू व्हायची: मर्यादेच्या आत येऊन वर आणखी दोनशे-चारशे ग्रॅम कमी भरायची. हे ग्रॅम अंगातलं पाणी काढूनच येतात. आताच्या नियमात शरीराच्या वजनाचा निकष नाही. बेरीज समान झाली तर ज्याने ती आधी गाठली तो वर. मर्यादेच्या आत बसलात की पुढे हलकं होण्यात काही फायदा उरलेला नाही, आणि ही सुधारणा माझ्या मते खेळाडूंच्या तब्येतीच्या दृष्टीने फार चांगली झाली.

दवबिंदू

मग नव्या नियमाने मेक्सिकोचा निकाल उलटला असता?

तालीमवाला

आधी कोण त्या बेरजेला पोचला यावर. १४० चा बार १५० च्या आधीच येतो, म्हणजे ३६७.५ वर फ्योल्दी आधी पोचला. नव्या नियमाने तो वर. पण हे असं मागे जाऊन लावणं बरोबर नाही. नियम वेगळा असता तर नसीरीने १५२.५ मागितले असते. प्रत्येक जण त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे बार मागतो.

मणका

वजन उतरवण्याचा विषय निघालाच आहे तर नीट लिहितो, कारण ५५-६० किलोच्या गटांत पोरं इथेच फसतात.

आजच्या पद्धतीत वजन स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि तासभर चालतं. म्हणजे काट्यावरून उतरल्यापासून पहिल्या स्नॅचपर्यंत एक ते दोन तास. कुस्तीत वा बॉक्सिंगमध्ये काही ठिकाणी मिळतो तसा मोठा अवधी नाही. म्हणून ५६ किलोच्या माणसाने पाण्यातून उतरवायचं वजन एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे अर्धा-पाऊण किलो, यापेक्षा जास्त ठेवू नये. बाकीचं आधीच्या सहा-आठ आठवड्यांत जेवणातून कमी झालेलं असावं.

शेवटचे दोन दिवस भाकरी, उसळी, पालेभाज्या, कोशिंबीर कमी. त्याऐवजी पांढरा भात, अंडी, थोडं दही, उकडलेला बटाटा. आतड्यातला चोथा कमी झाला की तीन-चारशे ग्रॅम सहज जातात आणि ताकद तसूभर कमी होत नाही. लोणचं, पापड, फरसाण बंद. पाणी आदल्या संध्याकाळपर्यंत नेहमीसारखं, नंतर घोट घोट.

वजन झाल्यावर लगेच अर्धा लिटर मीठ-साखरेचं पाणी, तेही दहा-पंधरा मिनिटांत थोडं थोडं. मग तांदळाची पेज किंवा केळं. गटागटा लिटरभर पाणी प्यायलं तर पोट डचमळतं आणि क्लीनमध्ये खाली बसताना श्वास कोंडता येत नाही.

चूक झाली की ती कुठे दिसते? स्नॅचमध्ये सहसा नाही. जर्कमध्ये दिसते. मांडीत किंवा पोटरीत पेटका येतो, छातीवर बार घेऊन उभं राहताना डोळ्यापुढे अंधारी येते. फ्योल्दीच्या काळी नऊ प्रयत्न असायचे आणि जर्क तिसरा, त्यामुळे कोरडं शरीर घेऊन शेवटपर्यंत टिकणं अजून कठीण.

अठरा वर्षांखालच्या मुलांनी पाणी तोडून वजन उतरवूच नये. वरच्या गटात खेळावं.

मुक्ता_र

+१. शेवटच्या ओळीला तर दहा वेळा.

बारबेल_५६

आता म्युनिक. २८ ऑगस्ट १९७२.

समोर तोच नसीरी, फ्योल्दीपेक्षा सात वर्षांनी लहान. चार वर्षांत नसीरीने केलेला बदल बघा. प्रेस ११२.५ वरून १२७.५, म्हणजे तब्बल पंधरा किलो वर. पण स्नॅच १०५ वरून १०० आणि जर्क १५० वरून १४२.५. एका हाताने मिळवलेले पंधरा, दुसऱ्या हाताने साडेबारा गेले. एकूण ३७०.

फ्योल्दी प्रेस १२७.५, म्हणजे नसीरीइतकाच. जर्क १४२.५, पुन्हा तितकाच. फरक फक्त स्नॅचमध्ये: १०७.५ विरुद्ध १००. साडेसात किलो, आणि तेच एकूण अंतर. चेतिन १२० + १०७.५ + १४० = ३६७.५, कांस्य.

ज्या स्नॅचमध्ये टोकियोला वाखोनिनने त्याला अडीच किलोंनी मागे टाकलं, त्याच स्नॅचने म्युनिक जिंकलं. आणि आघाडी जर्कच्या आधीच साडेसात असल्यामुळे 'शेवटचा शब्द' समोरच्याच्या हातात राहिला नाही. नसीरीला बरोबरीसाठीसुद्धा १५० लागले असते, म्हणजे त्याचा मेक्सिकोचा आकडा.

आकडेमोड

म्हणजे नसीरीने फ्योल्दीसारखं व्हायचा प्रयत्न केला आणि स्वतःचं हत्यार बोथट झालं. फ्योल्दीने तिन्ही प्रकार थोडे थोडे चढवले.

तालीमवाला

शारीरिक कारणही आहे. प्रेसचा सराव वाढवला की खांदे आणि वरची पाठ जाड होते, आखडते. ५६ च्या आत राहायचं तर ते वजन कुठून तरी कमी करावं लागतं आणि ते बहुधा मांड्यांतून जातं. शिवाय स्नॅचला खांदा मोकळा लागतो. आखडलेल्या खांद्याने बार डोक्यामागे नेमक्या जागी बसत नाही, पुढे निसटतो. नसीरीचं नेमकं हेच झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण त्या काळात प्रेसमागे लागलेल्या अनेकांचा हा प्रश्न होता. म्हणूनच प्रेस वाढत असताना फ्योल्दीचा स्नॅच पाच किलोंनी चढला याचं मला १२७.५ पेक्षा जास्त कौतुक वाटतं.

पूर्वा_के

म्युनिकच्या त्या ५६ किलो गटात इस्रायलचा झेएव्ह फ्रीडमनही होता, बारावा आला. आठवड्याभराने, ५ सप्टेंबरला ऑलिंपिक गावात इस्रायली संघावर सुरू झालेल्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या अकरा इस्रायलींमध्ये तो होता. त्या स्पर्धेबद्दल लिहिताना त्याचं नाव यायला हवं.

बारबेल_५६

हो. आभारी आहे.

कृष्णाकाठ

त्याच म्युनिकमध्ये हंगेरीचे हलके गट एकूणच जोरात होते. ५२ किलो गट ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला आणि तिथे लायोश स्यूच ३३० वर रौप्य, शांदोर होल्त्सरायटर ३२७.५ वर कांस्य. सुवर्ण पोलंडच्या झिग्मुंट स्मालत्सेर्झला, ३३७.५. ६० किलोत यानोश बेनेदेकला कांस्य. म्हणजे सगळ्यात हलक्या तीन गटांत मिळून हंगेरीची चार पदकं. आणि आजपर्यंत हंगेरीची वेटलिफ्टिंगमधली ऑलिंपिक सुवर्णपदकं दोनच: फ्योल्दी आणि १९८० ला मॉस्कोत ९० किलो गटात पेतेर बात्साको.

मुक्ता_र

१२७.५ हा आकडा बारवर कसा लावतात? ०.५ ची चकती असते का?

तालीमवाला

नाही, त्याची गरज पडत नाही. पुरुषांचा बार २० किलो, दोन कॉलर (चकत्या जागेवर धरणारे खटके) प्रत्येकी अडीच, म्हणजे रिकामा बारच २५. उरलेलं दोन बाजूंना समान वाटायचं.

१२७.५: उरले १०२.५, एका बाजूला ५१.२५. म्हणजे २५ + २५ + १.२५.
१०७.५: एका बाजूला ४१.२५. म्हणजे २५ + १५ + १.२५.
१४२.५: एका बाजूला ५८.७५. म्हणजे २५ + २५ + ५ + २.५ + १.२५.

मोठी चकती आत, लहान बाहेर, मग कॉलर. नेहमीच्या वापरातली सगळ्यात लहान जोडी सव्वा किलोची असल्याने वजन सहसा अडीचच्या पटीतच चढायचं. म्हणून या धाग्यातले सगळे आकडे .० किंवा .५ वर संपतात. एक-एक किलोने चढण्याची पद्धत २००५ पासूनची. त्याआधी 'एका किलोने हरलो' हे शक्यच नव्हतं. हरायचं तर किमान अडीचने, नाहीतर काट्यावर.

कृष्णाकाठ

एका किलोवरून आपल्याकडचा दाखला. बर्मिंगहॅम, २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट, सांगलीचा संकेत सरगर. स्नॅच ११३, जर्क १३५, एकूण २४८, रौप्य. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. मलेशियाचा अनिक कसदान १०७ + १४२ = २४९, सुवर्ण.

स्नॅचनंतर संकेत सहा किलो पुढे होता. जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्याला उभा राहिला, पण तोही प्रयत्न फसला. कसदानचे १४२ शेवटी आले. वर बारबेल म्हणतात तेच: आघाडी आधीची, निकाल जर्कचा.

बारबेल_५६

अचूक उदाहरण. आणि एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. पुढे असलेल्याने जर्कचा पहिला आकडा सुरक्षित ठेवून बेरीज लावणं बरोबरच. मग दुसरा आकडा ठरवताना प्रश्न 'मला किती झेपतं' एवढाच नसतो, 'समोरच्याला किती मागायला लावायचं' हाही असतो. संकेतने केलेली उडी त्याच हिशेबातली होती. दुखापतीला कोणाचा इलाज नाही.

दवबिंदू

स्पर्धेत प्रेस नसला तरी सरावात करावा का? व्यायामशाळांत अजून करतात.

मणका

करावा, पण पाठ न झुकवता. मर्यादा लक्षात ठेवून सांगतो.

पकड खांद्यापेक्षा अंगठाभर रुंद. समोरून बघितलं तर कोपरापासून मनगट उभ्या रेषेत. बार बोटांवर नको, तळव्याच्या मुळाशी हवा. नितंब आणि पोट आवळा, श्वास भरून कोंडा. हनुवटी किंचित मागे, बार नाकाजवळून सरळ वर. कपाळ ओलांडलं की डोकं दोन्ही हातांच्या मधे पुढे घ्या. वर कोपरं कुलूपबंद, बार कानाच्या रेषेत.

आठवड्यातून दोनदा, जर्कच्या सरावानंतर. आधी केलात तर थकलेल्या खांद्याने जर्क पुढे निसटतो. एका वेळी जास्तीत जास्त उचलता त्याच्या ७५ ते ८० टक्के, पाच सेट, प्रत्येकी तीन ते पाच वेळा. वाढ एका वेळी एक किलोची. प्रेस सगळ्यात सावकाश वाढतो, पाच किलोची उडी मारलीत की पाठ झुकायला लागते आणि तुम्हाला वाटतं ताकद वाढली.

अडकतो कुठे? बहुतेकांचा कपाळाच्या उंचीवर. कारण बार पुढे गेलेला असतो आणि कोपरं मागे राहिलेली असतात. उपाय: रॅकमध्ये (बार ठेवायच्या उभ्या चौकटीत) कपाळाच्या उंचीवर आडव्या पट्ट्या लावून बार तिथून सुरू करा. चार सेट, तीन-तीन वेळा.

फासळ्या पुढे उघडल्या आणि कमरेत खळगा पडला की तो सेट तिथेच संपवा. पाठीचा भार वारंवार असा मागे गेला की कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या कमानीत ताणाने बारीक भेग पडते. तिला स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात. जुन्या प्रेसवाल्यांच्या कंबरेची भीती होती ती याचीच. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर त्याच बाजूला कमरेत कळ येत असेल तर प्रेस बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तेल लावून, शेकून ती भेग भरत नाही.

पूर्वा_के

एक अवघड प्रश्न विचारते. तो काळ स्टेरॉइडचा होता ना? मग हे आकडे कसे बघायचे?

तालीमवाला

प्रश्न योग्य आहे. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची तपासणी पहिल्यांदा झाली ती १९७६ ला माँट्रियलमध्ये. त्याआधी ती नव्हतीच. माँट्रियलमध्ये वेटलिफ्टिंगची काही पदकं काढून घेतली गेली, त्यात दोन सुवर्णविजेते होते: बल्गेरियाचा ख्रिस्तोव्ह आणि पोलंडचा काझमारेक. त्या काळच्या कुठल्याही एका माणसावर पुराव्याशिवाय बोट ठेवणं मला मान्य नाही. तसंच, तपासणीच नसलेल्या काळाचे आकडे आजच्याशी सरळ ताडून बघणंही बरोबर नाही. एकाच काळातल्या लोकांची एकमेकांशी तुलना करता येते, आणि या धाग्यात आपण तेवढीच केली आहे.

बारबेल_५६

सहमत. आता माँट्रियल राहिलं.

१९७३ पासून दोनच प्रकार. फ्योल्दीची बेरीज ३७७.५ वरून एका फटक्यात २५० झाली, म्हणजे म्युनिकच्या दिवशीचे फक्त स्नॅच आणि जर्क धरले तर. १९७६ ला वय ३८. ५६ किलोत सुवर्ण बल्गेरियाच्या नोरैर नुरिक्यानला, २६२.५, विश्वविक्रम. नुरिक्यानने म्युनिकला ६० किलोत सुवर्ण घेतलं होतं आणि नंतर तो खालच्या गटात उतरला. नसीरीही एक गट खाली, ५२ ला गेला आणि कांस्य घेऊन आला. फ्योल्दी ५६ लाच राहिला. पाचवा, २४५.

मुक्ता_र

म्हणजे घसरण फक्त पाच किलोंची?

आकडेमोड

आत्ता धागा पुन्हा वर जाऊन बघितला. माँट्रियलचे आकडे १०५ आणि १४०. मेक्सिकोचे स्नॅच आणि जर्क बघा: १०५ आणि १४०. तिसाव्या वर्षी आणि अडतिसाव्या वर्षी अगदी तेच.

तालीमवाला

स्नॅचमध्ये हे फारच अवघड. ताकद चाळिशीपर्यंत बऱ्यापैकी टिकते, पण वेग आधी जातो, आणि स्नॅच हा वेगाचा प्रकार. बार कमरेपाशी असताना त्याखाली शिरायला सेकंदाचा छोटासा भाग मिळतो.

कृष्णाकाठ

नंतर काय केलं त्याने?

बारबेल_५६

तताबान्यातच प्रशिक्षक झाला. मुलगी चिल्ला फ्योल्दी हीसुद्धा वेटलिफ्टर झाली. १९९६ पर्यंत ऑलिंपिकमध्ये फक्त पुरुषांचं वेटलिफ्टिंग होतं. महिलांचं २००० साली सिडनीला आलं.

आकडेमोड, तुमची प्रेस वगळून केलेली तिन्ही वेळची बेरीज मी पहिल्या प्रतिसादात वर जोडू का? नवीन येणाऱ्यांना तिथूनच वाचायला मिळेल.

आकडेमोड

जरूर जोडा. माँट्रियलची ओळही त्याखाली टाका: २४०, २४५, २५०, २४५.